‘आत्मा अमर आहे’ असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते का?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीला माती देऊन महिना झाला. आता कबरीवर दगड बसवायचा आहे आणि घरातले म्हणताहेत, त्यावर ‘आत्मा अमर आहे’ असे कोरून घेऊ. हे वाक्य ख्रिस्ती आहे का? माणूस देवाने घडवला तर मरणही त्यानेच घडवले का? आणि पहिला माणूस आदाम याने देवाची आज्ञा मोडली, ते त्याने केले, माझ्या आजीने का मरावे?

मी सत्तावीस वर्षे नगर जिल्ह्यातल्या लहानमोठ्या मंडळ्यांत पाळक म्हणून सेवा केली. किती मयतांना उभा राहिलो याची मोजदाद ठेवलेली नाही. हे तिन्ही प्रश्न लोकांनी मला कबरीच्या कडेला, हाताची माती झटकता झटकता विचारले आहेत. म्हणून सावकाश उत्तर देतो. दगडाचे आधी सांगून टाकतो: ते वाक्य खोटे नाही, पण आपल्या आशेचा भार त्याच्यावर नाही. रविवारी उभे राहून आपण जी विश्वासाची कबुली म्हणतो ती आठवा. तिच्यात ‘शरीराचे पुनरुत्थान’ आहे, ‘सार्वकालिक जीवन’ आहे. आत्म्याच्या अमरपणाचा शब्दही नाही.

असे का, ते कळायला बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात करावी लागते. देव जमिनीतील मातीचा मनुष्य बनवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, आणि ‘मनुष्य जीवधारी प्राणी झाला’ असे वचन आहे. हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे माणूस आणि ‘अदामा’ म्हणजे जमीन. कानाला दोन्ही शब्द भाऊ-बहीण वाटतात, आणि लिहिणाऱ्याला तेच ऐकवायचे आहे. ‘जीवधारी प्राणी’ यासाठी मूळ शब्द आहेत ‘नेफेश हय्या’. गंमत नव्हे, फार महत्त्वाची गोष्ट आहे: पहिल्या अध्यायात पाण्यातल्या जीवांना आणि गुराढोरांनाही हेच शब्द लावले आहेत. म्हणजे अमर आत्मा आधीपासून होता आणि देवाने तो मातीच्या मडक्यात ठेवला, अशी ही कथा नाही. माती देवाची, श्वासही देवाचा. माणसाकडे स्वतःचे असे काहीच नाही. तो जगतो तो घेतलेल्या श्वासावर.

मग आदाम अमर होता का? शास्त्रवचन तसे कुठेच म्हणत नाही. बागेच्या मधोमध जीवनाचे झाड होते, आणि ते वर्ज्य नव्हते. वर्ज्य होते ते बऱ्यावाईटाचे ज्ञान करून देणारे झाड, आणि आदाम-हव्वेने त्याचेच फळ खाल्ले. आदाम स्वभावतःच अमर असता तर जीवनाच्या झाडाचे तिथे काम काय होते? अंत्युखियाचा थिओफिलस हा दुसऱ्या शतकातला बिशप याच ठिकाणी थांबून म्हणतो की, माणूस मर्त्यही घडवला नव्हता आणि अमरही नव्हता. तो दोन्हीसाठी सक्षम होता. आलेक्सांद्रियाच्या अथानासियसने चौथ्या शतकात ते आणखी स्पष्ट केले: माणूस शून्यातून घडला, त्यामुळे त्याचा स्वभाव विरून जाण्याचाच, पण देवाच्या सहवासाची कृपा त्याला त्या विरण्यापासून राखत होती. मला हे उत्तर सर्वांत खरे वाटते. मरण ही देवाने घडवलेली वस्तू नाही. दिवा काढून नेला की खोलीत अंधार होतो, तो कुणाला आणून ठेवावा लागत नाही. कॅथलिक बायबलमध्ये असलेला ‘शलमोनाचे ज्ञान’ हा ग्रंथ तर सरळच म्हणतो की देवाने मरण केले नाही.

‘ज्या दिवशी खाशील त्या दिवशी खास मरशील’ असे सांगितले होते आणि त्या दिवशी कुणी मेले नाही, यावर तरुण मुले नेहमी बोट ठेवतात. आदाम 930 वर्षे जगला असे पाचवा अध्याय सांगतो. पण त्या दिवशी काय काय झाले ते पाहा. दोघे देवापासून लपले. नवऱ्याने बायकोवर बोट दाखवले, बायकोने सापावर. ज्या मातीतून माणूस आला तीच त्याला काटे देऊ लागली. सहवास तुटला, श्वास बंद पडायला नंतर कितीही वर्षे लागोत. शिवाय या कथेत पहिले मरण म्हातारपणाने आलेलेच नाही. पहिले प्रेत आदामाचा मुलगा हाबेल याचे आहे, आणि ते भावाने पाडलेले आहे. नंतर पाचव्या अध्यायातली वंशावळ वाचा, मोठ्याने वाचा. अमुक इतकी वर्षे जगला, त्याला मुले झाली, ‘मग तो मरण पावला’. शेथ, अनोश, केनान, प्रत्येकाच्या शेवटी तेच. मथुशलह 969 वर्षे जगला, तरी ओळ तीच. फक्त हनोखाच्या जागी ती ओळ मोडते, कारण तो ‘देवाबरोबर चालला’ आणि देवाने त्याला नेले. वंशावळी कंटाळवाण्या म्हणून आपण पाने उलटतो. मरणाबद्दल इतकी ठसठशीत पाने मला दुसरीकडे सापडली नाहीत.

मग बागेचा रस्ता बंद होतो. पहाऱ्याला करूब, म्हणजे स्वर्गीय प्राणी, आणि फिरती ज्वालारूप तलवार. हे क्रूर वाटते. पण लिऑन शहराचा बिशप आयरिनियस याने दुसऱ्या शतकातच याचा अर्थ दया असा लावला: माणूस पापात असतानाच जीवनाच्या झाडाचे फळ खाता तर पाप अमर झाले असते, दुखणे कायमचे झाले असते. देवाने मरण मध्ये येऊ दिले ते त्या दुखण्याला सीमा असावी म्हणून. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या उशाशी बसलो आहे, तेव्हा हे वाक्य मला आधार देत आले. ते मी मयताच्या घरी मात्र बोलत नाही. ते ऐकण्याची वेळ नंतर येते.

आता तिसरा प्रश्न, आणि तुमच्या पत्रात राग इथेच आहे. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचे बारावे वचन आपल्या मराठी बायबलमध्ये असे आहे: एका माणसाच्या द्वारे पाप जगात शिरले, पापाच्या द्वारे मरण शिरले, आणि ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ सर्व माणसांमध्ये मरण पसरले. ‘केल्यामुळे’ हा शब्द पकडून ठेवा. ग्रीक मुळाशी तो जुळतो. पश्चिमेकडच्या जुन्या लॅटिन भाषांतरात मात्र तिथे ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असा अर्थ आला, आणि हिप्पोचा बिशप ऑगस्टीन तेच भाषांतर वाचत होता. त्यामुळे सगळी मानवजात आदामाच्या कमरेत होती, त्याच्यातच आपण सारे दोषी ठरलो, असा विचार पश्चिमेत खोल रुजला. माणूस स्वतःच्या बळावर पाप टाळू शकतो असे शिकवणाऱ्या पेलागियसशी ऑगस्टीनचा वाद चालला होता तेव्हा, 418 साली, कार्थेजच्या धर्मसभेने ठराव केला की, आदाम मर्त्यच घडवला होता आणि पाप केले नसते तरी मेलाच असता असे म्हणणारा बहिष्कृत. ग्रीक बोलणाऱ्या पूर्वेकडच्या मंडळ्यांनी दोषाचा वारसा असा मानला नाही. त्यांच्या मते आपल्याला आदामाकडून मिळते ते मरण, आणि मरणाच्या भीतीपोटी आपण पाप करत जातो. इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय मरणाच्या भयाने जन्मभर दास झालेल्यांविषयी बोलतो, तो इथे जुळतो.

मी ऑगस्टीनचा ऋणी आहे, पण या एका जागी मी मराठी बायबलबरोबर उभा आहे. आपल्या भागातलेच सांगतो. कालव्याला वरच्या अंगाला कुणी पाट फोडला की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे रान वाळते. त्याने काही केले नव्हते, तरी वाळते. हा त्याला झालेला दंड नव्हे; वर तुटलेल्याचा तो परिणाम. आणि प्रामाणिकपणे पाहिले तर खालच्यांनीही रात्री आपापल्या परीने पाट फोडलेले असतातच. आजी आदामाचा दंड भरून गेल्या नाहीत. ज्या पाण्यावर माणूस जगायचा होता ते पाणी तुटलेल्या जगात त्या जन्मल्या, तुम्हीही जन्मलात, मीही.

माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षे जनावरे मरत होती, जीवाश्म सापडतात, मग मरण पापाने कसे आले, हेही विचारले जाते. पौल रोमच्या पत्रात ‘सर्व माणसांमध्ये’ म्हणतो, गवताबद्दल आणि जनावरांबद्दल त्या वचनात काही नाही. आणि अथानासियसच्या मांडणीत देहाचा विरण्याचा स्वभाव आधीपासून धरलेलाच आहे. मला यात अडचण दिसत नाही.

इथवर मरण. आता आशा, आणि ती फार उशिरा उजाडली हे सांगायलाच हवे. जुन्या करारातले लोक शतकानुशतके अमरत्वाच्या भरवशावर देवाची उपासना करत नव्हते. त्यांच्यासाठी मेलेले सगळे शिओलात, अधोलोकात जात: चांगले-वाईट, राजा-दास, सारे त्या मुक्या काळोखात. सहाव्या स्तोत्रात दावीद विचारतो, अधोलोकात तुझे स्तवन कोण करणार? उपदेशक हे पुस्तक म्हणते, माणूस आणि पशू दोघे मातीचे, दोघे मातीला मिळतात. बायबलमध्ये ही पुस्तके आहेत याचा मला अभिमान वाटतो. ज्याला अजून उत्तर मिळालेले नाही त्याने खोटे उत्तर दिले नाही.

उत्तर फुटले ते अन्यायाच्या पोटातून. इ.स.पूर्व 167 च्या सुमारास अंत्युख एपिफानस या राजाने यहुद्यांवर आपला धर्म सोडण्याची सक्ती केली. नियमशास्त्र पाळले म्हणून माणसे मारली गेली. आजवरचा हिशेब होता की, नीतिमान दीर्घायुषी होतो. इथे नीतिमान होता म्हणूनच तो तरुणपणी मेला. मग देवाचा न्याय कुठे? कॅथलिक बायबलमध्येच असलेल्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात एक आई आणि तिचे सात मुलगे आहेत. तिसऱ्या मुलाला जीभ मागतात तेव्हा तो ती बाहेर काढतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, हे मला स्वर्गातून मिळाले, आणि त्याच्याकडूनच ते मला परत मिळतील अशी आशा आहे. शब्द बघा: हात परत मिळतील. आत्मा सुटेल असे तो म्हणत नाही. दानिएलाच्या बाराव्या अध्यायातले मातीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील हे वचन बहुतेक अभ्यासक याच काळातले मानतात. ख्रिस्ती पुनरुत्थानाची आशा या छळातून आली आहे. मरणोत्तर सुखाची लालसा म्हणून तिच्याकडे पाहू नका. ज्यांचे हात तोडले त्यांना देव हात देईल की नाही, हा तिचा मूळ प्रश्न आहे.

येशूच्या काळापर्यंत यहुद्यांत यावरून फूट होती. परूशी आणि सदूकी हे त्यांच्यातले दोन पंथ. परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. येशूने सदूक्यांना दिलेले उत्तर एका वाक्यात आहे: देव अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव आहे, आणि तो मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा देव आहे. हे नीट पाहा. अब्राहामात काही अमर तत्त्व होते म्हणून तो जिवंत, असे येशू म्हणत नाही. देवाने त्याला धरले आहे, आणि देव धरलेला हात सोडत नाही, हा त्याचा मुद्दा.

आत्म्याच्या स्वाभाविक अमरत्वाची शिकवण आपल्याकडे आली ती मुख्यतः ग्रीकांकडून. फरक पाहायचा तर दोन मरणे शेजारी ठेवा. इ.स.पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसाने शिष्यांशी आत्म्याच्या अमरत्वावर शांतपणे बोलत विषाचा प्याला घेतला, असे प्लेटोने रंगवले आहे. गेथशेमाने बागेत येशू कष्टी होतो, जमिनीवर पडतो, हा प्याला टळो म्हणून विनवतो. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी, त्याला उठवणार हे माहीत असूनही, तो रडतो. सॉक्रेटिसासाठी मरण मित्र आहे, देहाच्या कैदेतून सोडवणारा. बायबलसाठी ते शत्रू आहे, आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल त्याला ‘शेवटला शत्रू’ म्हणतो. म्हणून आजीसाठी तुम्हाला रडू येते यात अविश्वास नाही. ‘रडू नका, आत्मा अमर आहे’ असे म्हणणाऱ्यांना मी हळूच बाजूला घेऊन येशू रडला ते वचन दाखवतो.

नव्या करारात ‘अथानासिया’ म्हणजे अमरत्व हा शब्द अवघा तीनदा येतो. एकदा तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, आणि तिथे म्हटले आहे की अमरत्व फक्त देवालाच आहे. दोनदा करिंथच्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, आणि तिथे ते ‘परिधान’ करायचे आहे: ‘हे जे मर्त्य त्याने अमरत्व परिधान करावे.’ आत्म्याला ‘अमर’ हे विशेषण एकदाही लावलेले नाही. आपल्या आजूबाजूला गीतेचा दुसरा अध्याय सर्वांना पाठ असतो. त्यात आत्मा जुने देह टाकून नवे घेतो, माणूस जीर्ण वस्त्रे टाकतो तसे. त्या वचनाचा मी आदर करतो, अनेक शेजाऱ्यांच्या दुःखात ते त्यांना धीर देताना पाहिले आहे. पण पौलाच्या हाती हीच वस्त्राची उपमा उलट फिरते. देह हे टाकायचे वस्त्र नाही. देहालाच, या मर्त्य देहालाच, अमरत्वाचे वस्त्र नेसवले जाणार आहे. दोन्ही श्रद्धा एकच सांगतात असे म्हणून दोघांपैकी कुणाचाच मान राहत नाही.

आणि हे सगळे उभे आहे एका रिकाम्या कबरेवर. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे पौल स्वतः लिहितो. इतके उघड बोलणारा प्रचारक विरळा. उठलेला येशू भूत नव्हता. त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, थोमाला हातांतले व्रण दाखवले. व्रण पुसले गेले नव्हते, याचा मी पुष्कळ विचार करतो. उलट दारे बंद असताना तो आत आला, आणि मग्दालीया मरीयेला आधी माळीच वाटला. म्हणजे तोच, आणि तरी वेगळा. लाजर उठला तो पुन्हा मरण्यासाठी. ख्रिस्त उठला तो पुन्हा न मरण्यासाठी. एक मागे आला, दुसरा पलीकडे गेला. पौल याला ‘प्रथमफळ’ म्हणतो: कापणीची पहिली पेंढी. पहिली पेंढी घरात आली की रान उभे आहे हे कळते.

करिंथच्या लोकांनी विचारले होते, मेलेले उठतील तर कसल्या शरीराने? पौल बीजाचे उदाहरण देतो. पेरता तो नुसता दाणा, गव्हाचा किंवा दुसऱ्या कशाचा. उगवते ते वेगळे दिसते, पण त्याच दाण्याचे असते. आमच्या मंडळीतल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना हा अध्याय कधी समजावून सांगावा लागला नाही. सरीत पडलेले बी म्हणजे गेलेले बी असे त्यांच्यापैकी कुणीच मानत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी आणखी एक चिंता आहे: काका मुंबईत वारले, त्यांचे दहन झाले, मग ते कसे उठणार? इ.स. 177 मध्ये लिऑनच्या ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली, हेतू हाच की त्यांना उठण्याची आशा उरू नये. मंडळीने त्यांची नावे आशेनेच जपली. ज्याने मातीतून घडवले त्याला राखेची अडचण पडत नाही. कॅथलिक चर्चनेही 1963 पासून दहनाला परवानगी दिली आहे, दफन पसंत करत असले तरी.

आणि आज, या घडीला, आजी कुठे आहेत? इथे ख्रिस्ती परंपरा एकमुखाने बोलत नाहीत. पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 मध्ये ठरवून दिले की शुद्ध आत्मे पुनरुत्थानाआधीच देवाला पाहतात. प्रोटेस्टंट सुधारकांपैकी मार्टिन ल्यूथर मृतांविषयी पुष्कळदा झोप म्हणूनच बोलला. दुसरा सुधारक कॅल्विन याने आत्मा झोपतो या मताविरुद्ध लिहिले. मी वधस्तंभावरच्या चोराला दिलेल्या वचनापाशी थांबतो: ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ त्यातला ‘माझ्याबरोबर’ मला पुरतो. योहानाच्या सतराव्या अध्यायात सार्वकालिक जीवनाची व्याख्याच अशी आहे की देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखावे. ती ओळख आजींची मेल्यावर सुरू झालेली नाही. अंथरुणावर असताना त्यांना प्रभुभोजन दिले जात होते असे तुम्ही लिहिले आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी, हुतात्मा व्हायला रोमला नेले जात असताना, अंत्युखियाच्या इग्नेशियसने प्रभुभोजनातल्या त्या भाकरीला ‘अमरत्वाचे औषध’ म्हटले होते.

आता दगड. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी दफनाच्या जागेला ग्रीकमध्ये ‘कोइमेतेरिऑन’ म्हटले, म्हणजे झोपण्याची जागा. इंग्रजीतले सिमेटरी त्यातूनच आले. आपल्या जुन्या मराठी कबरींवर ‘प्रभूमध्ये झोपी गेली’ असे असते, ते त्याच वळणाचे आहे, आणि मला ते अजूनही आवडते. घरच्यांना ‘आत्मा अमर आहे’ हवेच असेल तर भांडू नका. दुःखातल्या माणसांशी शब्दांवरून वाद घालू नये. पण मला विचारले आहे म्हणून सांगतो. शेवटची चार वर्षे आजींना स्वतःच्या हाताने पाणीही पिता येत नव्हते असे तुम्ही लिहिता. त्यांच्या नावाखाली, जन्म आणि मरणाच्या तारखांनंतर, करिंथच्या त्याच पंधराव्या अध्यायातली ही ओळ कोरून घ्या: ‘जे अशक्तपणात पेरले जाते, ते सामर्थ्यात उठवले जाते.’ अक्षरे जरा खोल कोरायला सांगा, आपल्याकडच्या उन्हापावसात उथळ अक्षरे लवकर बुजतात.